हेलिक्स खरंच वितळली का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या टपालात एकाच विषयावरची पत्रं जास्त आहेत. संगणकावर प्रथिनाचं सिम्युलेशन चालवल्यावर त्याची द्वितीयक संरचना, म्हणजे साखळीची मळसूत्री (हेलिक्स) किंवा पत्र्यासारखी (शीट) घडण, वेळेनुसार कशी बदलते, याचा रंगीत पट्ट्यांचा आलेख सगळ्यांना काढायचा आहे. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर रेसिड्यू (साखळीतलं एकेक अमिनो आम्ल), आणि हेलिक्स, शीट, टर्न यांना वेगवेगळे रंग. प्रबंधात हा आलेख असतोच, आणि परीक्षक बोट ठेवतात तेही बहुधा याच आलेखावर. म्हणून हे पान त्यालाच दिलं आहे.

प्रश्न : विभागातल्या जुन्या टिपणात ग्रोमॅक्स या सिम्युलेशन पॅकेजची 'डू-डीएसएसपी' ही आज्ञा दिली आहे. माझ्या संगणकावर ती सापडतच नाही. एका सीनियरने जुनी आवृत्ती टाकून दिली, तर तिथे डीएसएसपीचा प्रोग्रॅम मिळत नाही अशी तक्रार येते. आलेख काढायचा कसा? (एम.एस्सी. विद्यार्थी, कोल्हापूर)

टिपण जुनं झालं आहे, तुमचं काही चुकलेलं नाही. डू-डीएसएसपी स्वतः काहीच ठरवत नसे. प्रत्येक फ्रेम, म्हणजे त्या-त्या क्षणाची संरचना, ती डीएसएसपी या द्वितीयक संरचना ओळखणाऱ्या बाहेरच्या प्रोग्रॅमकडे पाठवायची आणि आलेलं उत्तर गोळा करायची. तो बाहेरचा प्रोग्रॅम ४ थ्या आवृत्तीत आला तेव्हा त्याची आज्ञा लिहिण्याची पद्धत आणि आउटपुटचा साचा दोन्ही बदललं, आणि जुन्या ग्रोमॅक्सला ते वाचता येईना. ग्रोमॅक्स २०२३ पासून 'जीएमएक्स डीएसएसपी' ही नवी आज्ञा आतच आहे, बाहेरचं काही बसवावं लागत नाही. जुनी आवृत्ती शोधत बसू नका.

समजा, युबिक्विटिनचं १०० नॅनोसेकंदांचं सिम्युलेशन आहे आणि फ्रेम दर १० पिकोसेकंदांना साठवली आहे. म्हणजे १०,००१ फ्रेम. एवढ्या लागत नाहीत. नियतकालिकाच्या एका स्तंभाची रुंदी साडेतीन इंच धरली, तर ३०० डीपीआयला १,०५० पिक्सेल मिळतात. आज्ञेतच फ्रेममधलं अंतर १०० पिकोसेकंद द्या. मग १,००१ फ्रेम येतील आणि साधारण एका फ्रेमला एक पिक्सेल बसेल.

आज्ञेला ट्रॅजेक्टरी (सगळ्या फ्रेमची फाइल) आणि टीपीआर फाइल (सिम्युलेशनची मांडणी) द्या, निवड फक्त प्रथिनाची करा. दोन फाइली मिळतील. एकीत प्रत्येक फ्रेमसाठी एक ओळ असते आणि ओळीत प्रत्येक रेसिड्यूसाठी एक अक्षर. दुसरीत प्रत्येक वेळेला कोणत्या प्रकारात किती रेसिड्यू आहेत याची मोजदाद असते. अक्षरांचा अर्थ असा : एच म्हणजे अल्फा हेलिक्स, जी म्हणजे ३-१० हेलिक्स, आय म्हणजे पाय हेलिक्स, ई म्हणजे शीटमधला स्ट्रँड, बी म्हणजे एकटादुकटा बीटा ब्रिज, टी म्हणजे टर्न, एस म्हणजे बेंड, पी म्हणजे पॉलिप्रोलिन हेलिक्स. नागमोडी चिन्ह लूपसाठी, आणि बरोबरचं चिन्ह साखळी तुटल्याची खूण म्हणून.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, या अक्षरांच्या फाइलमध्ये वेळ लिहिलेली नसते. ओळ क्रमांक ५०० म्हणजे किती नॅनोसेकंद, ते तुम्ही दिलेल्या अंतरावरून काढायचं. ० वेळेची फ्रेम पहिली, म्हणून ५०० वी ओळ ४९.९ नॅनोसेकंदांची. दुसरं, ओळीतली अक्षरं मोजा. युबिक्विटिनची ७६ भरायला हवीत. जास्त भरली, तर मध्ये बरोबरची चिन्हं आली आहेत. ती काढली नाहीत तर त्यांच्या पुढचे सगळे रेसिड्यू एकेका घराने सरकतात, आणि आलेखात सक्रिय स्थानाशेजारची म्हणून दाखवलेली हेलिक्स भलत्याच जागी जाते.

पायथनमध्ये ओळी वाचा, अक्षरांना ० ते ८ असे आकडे द्या, तक्ता उलटा करा म्हणजे रेसिड्यू उभ्या अक्षावर येतील, आणि मॅटप्लॉटलिबच्या 'इमशो'ने काढा. रंगांची यादी 'लिस्टेडकलरमॅप'ने आणि हद्दी 'बाउंडरीनॉर्म'ने द्या. 'ओरिजिन' लोअर ठेवा, नाहीतर पहिला रेसिड्यू वर जाईल. 'एक्स्टेंट' द्या, म्हणजे अक्षावर फ्रेम क्रमांक न येता नॅनोसेकंद आणि खरे रेसिड्यू क्रमांक येतील. क्रिस्टल फाइलमध्ये पहिला रेसिड्यू २४ वा असेल तर आलेखातही २४ पासूनच सुरुवात हवी. हे विसरणारे फार.

अँबर हे दुसरं पॅकेज वापरणाऱ्यांनी त्यातल्या सीपीपीट्राजमधली 'सेकस्ट्रक्ट' आज्ञा वापरावी. तिथे अक्षरांऐवजी आकडे येतात. अक्षरांची संकेतसूची त्यांना तशीच लावू नका, कोणता आकडा कशाचा ते मॅन्युअलमधून घ्या.

प्रश्न : आलेखात हेलिक्स आणि लूप यांच्या सीमेवर शीटच्या रंगाची बारीक कड दिसते. चित्र मोठं करून पाहिलं की ती नाहीशी होते. हेलिक्स उलगडताना मध्ये शीट बनते आहे का? (संशोधक विद्यार्थिनी, पुणे)

शीट बनत नाही. ती कड मॅटप्लॉटलिबने तयार केली आहे.

तुम्ही लूपला ०, शीटला २ आणि हेलिक्सला ४ असे आकडे दिले आहेत. फ्रेम पिक्सेलपेक्षा जास्त झाल्या की इमशो चित्र लहान करताना शेजारच्या घरांची सरासरी काढतं. ३.२ ते ३.९ या आवृत्त्यांमध्ये हे आपोआप होतं, सांगावं लागत नाही. ० आणि ४ यांची सरासरी २. आणि २ म्हणजे शीट! चित्र मोठं केलं की प्रत्येक फ्रेमला स्वतःचा पिक्सेल मिळतो, सरासरीची गरज उरत नाही, म्हणून कड जाते.

उपाय एका शब्दाचा आहे : 'इंटरपोलेशन'ला 'निअरेस्ट' द्या. पण मुळाशी असलेली चूक दुसरीकडेही डोकं वर काढते. हे आकडे नुसती नावं आहेत, त्यांची बेरीज-वजाबाकी होत नाही. गुळगुळीत आलेखासाठी कोणी १० फ्रेमच्या खिडकीची सरासरी काढतं, तेव्हाही हाच घोळ होतो. खिडकी लावायचीच असेल तर तिच्यात सर्वांत जास्त वेळा आलेलं अक्षर घ्या. नाहीतर प्रत्येक प्रकाराचा वेगळा ०-१ तक्ता करा आणि त्याची सरासरी काढा. तिला अर्थ आहे, कारण ती त्या प्रकारात घालवलेल्या वेळेचं प्रमाण आहे.

छपाईसाठी 'पीकलरमेश' वापरून पीडीएफ काढत असाल तर ७६ गुणिले १,००१ म्हणजे ७६ हजारांवर चौकोन त्या फाइलमध्ये जातात. ती उघडायला वेळ लागतो आणि चौकोनांमध्ये पांढऱ्या केसासारख्या रेषा दिसतात. 'रास्टराइज्ड' चालू करा. अक्ष आणि अक्षरं व्हेक्टरच राहतील.

रंगांबद्दल थोडं. जुन्या ग्रोमॅक्सचे ठरलेले रंग शीटला लाल आणि बेंडला हिरवा असे होते. लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्या वाचकाला तो आलेख वाचता येत नाही. ओकाबे-इतो रंगसंच घ्या : अल्फा हेलिक्सला निळा, स्ट्रँडला शेंदरी, ३-१० ला आकाशी, टर्न आणि बेंडला दोन फिकट करडे, लूपला पांढरा. नऊ प्रकारांना नऊ भडक रंग दिले की डोळा कुठेच ठरत नाही. ज्याबद्दल तुम्हाला बोलायचं आहे त्यालाच ठळक रंग द्या.

प्रश्न : माझ्या प्रथिनात हेलिक्सच्या टोकांना रंग सतत निळा-पिवळा-निळा होतो. मार्गदर्शक म्हणतात हेलिक्स अस्थिर आहे असं लिहा. पण आरएमएसडी (सुरुवातीच्या संरचनेपासूनचं सरासरी विचलन) तर सपाट आहे. कोणाचं खरं मानायचं? (पीएच.डी. विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

आरएमएसडीचं. टोकांच्या चमचमाटावरून अस्थिरता लिहू नका. कारण समजण्यासाठी डीएसएसपी हेलिक्स कशाला म्हणतं ते पाहायला हवं.

काब्श आणि सँडर यांनी १९८३ मध्ये दिलेला नियम असा. मुख्य साखळीतल्या एका रेसिड्यूचा सीओ आणि दुसऱ्याचा एनएच यांच्यात सोप्या विद्युत सूत्राने ऊर्जा काढायची. ती −०.५ किलोकॅलरी प्रतिमोलपेक्षा खाली असेल तर हायड्रोजन बंध आहे, नाहीतर नाही. चांगल्या बंधाची ऊर्जा −३ च्या आसपास असते, म्हणजे हद्द बरीच सैल आहे. दिशा अगदी सरळ असेल तर नायट्रोजन-ऑक्सिजन अंतर ५.२ अँगस्ट्रॉमपर्यंत चालतं. पण हद्द कितीही सैल असली तरी ती एक रेघ आहे. −०.५१ ला बंध, −०.४९ ला नाही. खोलीच्या तापमानाला टोकाचा बंध त्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे हलत राहतो आणि तुमच्या आलेखात रंग बदलत राहतात. रेणू जेमतेम हललेला असतो.

आता ही चमचम टोकालाच का, मध्ये का नाही? रेसिड्यू 'क'चा सीओ आणि 'क+४'चा एनएच जोडले गेले तर 'क'पाशी एक टर्न झाला असं डीएसएसपी धरतं. असे लागोपाठ दोन टर्न, क−१ ला आणि क ला, मिळाले की क ते क+३ या चार रेसिड्यूंना एच मिळतो. लांब हेलिक्स म्हणजे अशा चार-चारच्या तुकड्यांची एकमेकांवर रचलेली माळ. कागदावर करून पाहा. १ ते १२ क्रमांकांचे टर्न लिहा. त्यातला ६ वा खोडा. ४ आणि ५ मिळून ५ ते ८ ला एच देतात, ७ आणि ८ मिळून ८ ते ११ ला. फट नाही. ७ वाही खोडा. ८ आणि ९ मिळून ९ ते १२ ला एच देतात. तरीही फट नाही. ८ वाही खोडला की मग ९ आणि १० मिळून १० पासून एच देतात, आणि रेसिड्यू ९ रिकामा पडतो. म्हणजे हेलिक्सच्या मधोमध एक बंध किंवा शेजारचे दोन बंध तुटले तरी निळ्या पट्ट्यात फट पडत नाही. टोकाला मात्र एक बंध गेला की एक रेसिड्यू लगेच कमी होतो, कारण त्याला झाकायला पलीकडचा तुकडा नसतो.

तेव्हा टोकाच्या एक-दोन रेसिड्यूंची चमचम सोडून द्या, पण मधली फट, ती एकाच रेसिड्यूची आणि थोडाच वेळ टिकणारी असली तरी, गंभीरपणे घ्या. ती दिसलेल्या फ्रेम काढून डोळ्यांनी पाहा. तिथे प्रोलिन किंवा ग्लायसिन आहे का, पाण्याचा रेणू सीओशी जोडला गेला आहे का, ते तपासा. मध्ये आयचा पट्टा येत असेल तर घाबरू नका. डीएसएसपीच्या नव्या आवृत्त्या अल्फापेक्षा पाय हेलिक्सला झुकतं माप देतात. त्याच ट्रॅजेक्टरीवर जुनी आवृत्ती सलग एच दाखवेल.

चमचमीचं प्रमाण आकड्यात हवं असेल तर प्रत्येक रेसिड्यूने हेलिक्समध्ये घालवलेला वेळ टक्केवारीत काढून आलेखाशेजारी उभा स्तंभालेख जोडा. ९५ टक्के आणि ६० टक्के यांतला फरक रंगांवरून कळत नाही, स्तंभावरून लगेच कळतो.

आणि शंका राहिलीच तर युबिक्विटिनसारख्या ओळखीच्या प्रथिनावर तीच सगळी मांडणी चालवा. पीडीबीत (प्रथिनांच्या संरचनांच्या साठ्यात) १यूबीक्यू म्हणून आहे. त्याची २३ ते ३४ ही हेलिक्स ३०० केल्व्हिनला १०० नॅनोसेकंद सलग निळी राहायला हवी, आणि ७३ ते ७६ ही शेपटी लूपमध्येच हवी. हेलिक्स तिथेही विरघळत असेल तर दोष तुमच्या प्रथिनात नाही. मांडणीत आहे.

प्रश्न : व्हीएमडी या संरचना पाहण्याच्या प्रोग्रॅमच्या टाइमलाइनमध्ये हेलिक्स ४१ टक्के येते, पायथनच्या एमडीट्राजमध्ये ४४, ग्रोमॅक्समध्ये ३८. आणि व्हीएमडीत चित्रफीत चालवली तर कार्टूनमधली हेलिक्स शेवटपर्यंत तशीच राहते. लिहायचं काय? (प्राध्यापिका, नागपूर)

तिन्ही बरोबर आहेत, कारण तिन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात. व्हीएमडी डीएसएसपी वापरत नाही, स्ट्राइड वापरतं. फ्रिशमन आणि आर्गोस यांनी १९९५ मध्ये दिलेल्या या पद्धतीत हायड्रोजन बंधाबरोबर फाय-साय कोनही (मुख्य साखळीच्या पिळाचे कोन) पाहतात, म्हणून हेलिक्सच्या टोकाचा रेसिड्यू तिथे आत राहण्याची शक्यता जास्त. स्ट्राइडमध्ये बेंड हा प्रकारच नाही. ते रेसिड्यू कॉइलमध्ये जातात. एमडीट्राज न सांगता तीनच गट देतं : एच, जी, आय मिळून हेलिक्स, ई, बी मिळून शीट, बाकी सगळं कॉइल. ग्रोमॅक्सच्या फाइलमधला नुसता एचचा स्तंभ तुम्ही घेतला असणार, त्यात ३-१० धरलेली नाही. एमडीट्राजमध्ये 'सिम्प्लिफाइड' बंद करा, मग बाकीचा फरक बहुतेक मिटेल. एमडीअॅनालिसिसमध्येही २.८ आवृत्तीपासून डीएसएसपी आलं आहे, पण तेही तीनच गट देतं.

एक पद्धत निवडा, शेवटपर्यंत तीच ठेवा, आणि तिचं नाव, आवृत्ती व कोणती अक्षरं हेलिक्स म्हणून मोजली हे आलेखाच्या मथळ्यातच लिहा. उत्परिवर्ती प्रथिनाची तुलना करताना मूळ प्रथिन व्हीएमडीत आणि उत्परिवर्ती ग्रोमॅक्समध्ये असं कधीच नको. दोन विद्यार्थ्यांनी काम वाटून घेतलं की हे घडतं.

ग्रोमॅक्समध्ये आणखी एक कळ आहे : हायड्रोजन टोपॉलॉजीतले घ्यायचे की डीएसएसपीप्रमाणे गणिताने बसवायचे. मूळ डीएसएसपी क्रिस्टल संरचनांसाठी होतं, त्यांत हायड्रोजन दिसतच नसत, म्हणून ते स्वतःचे बसवी. दोन्हींत थोडा फरक येतो. कोणती कळ वापरली तेही मथळ्यात टाका.

कार्टूनचं कारण साधं आहे. व्हीएमडी द्वितीयक संरचना एकदाच ठरवतं आणि पुढच्या सगळ्या फ्रेमला तीच लावतं. ज्या फ्रेमवर थांबला आहात तिथे टीके कन्सोलमध्ये 'मोल एसएसरीकॅल्क टॉप' द्या, कार्टून बदलेल. पूर्ण फितीसाठी प्रत्येक फ्रेमवर हे करणारी छोटी स्क्रिप्ट लागते. सेमिनारमध्ये 'हेलिक्स पूर्ण टिकून आहे' म्हणून दाखवलेल्या काही फितींची गोम एवढीच असते.

प्रश्न : अमायलॉइड बीटा-४२ ची १आयवायटी संरचना पाण्यात ठेवून १०० नॅनोसेकंद चालवली. हेलिक्स घटली, मध्ये थोडी शीट दिसली. हे अमायलॉइड बनण्याची सुरुवात म्हणून मांडता येईल का? (पीएच.डी. विद्यार्थिनी, मुंबई)

नाही. इथे थोडं कडक बोलायला हवं, कारण असे निबंध येत राहतात.

१आयवायटी ही संरचना पाण्यातली नाहीच. ती ८० टक्के एचएफआयपी (एक फ्लोरिनयुक्त अल्कोहोल) आणि २० टक्के पाणी अशा द्रावणात एनएमआरने काढलेली आहे. ८ ते २५ आणि २८ ते ३८ अशा दोन हेलिक्स तिथे दिसतात, कारण फ्लोरिनयुक्त अल्कोहोलं हेलिक्सला आधार देतात. तो आधार काढून पेप्टाइड पाण्यात टाकलं की हेलिक्स वितळणारच. तुमच्या आलेखात दिसतो तो द्रावक बदलल्याचा परिणाम. फायब्रिल, म्हणजे अमायलॉइडचा तंतू, अनेक रेणू मिळून बनतं, आणि तुमच्या पेटीत एकच आहे.

दुसरी अडचण संख्याशास्त्राची. एक धाव म्हणजे एकच नमुना, तिच्यात १०,००१ फ्रेम असल्या तरी. समजा तीन धावांत हेलिक्सचं प्रमाण ०.४२, ०.१८ आणि ०.६३ आलं. सरासरी ०.४१, प्रमाण त्रुटी ०.१३. तेच एका धावेतल्या सगळ्या फ्रेम स्वतंत्र धरून काढलं तर त्रुटी ०.००५ येते, आणि कोणताही फरक 'लक्षणीय' ठरतो. शेजारच्या फ्रेम एकमेकींच्या जवळजवळ नकला असतात, त्यांना स्वतंत्र धरता येत नाही. वेगवेगळे प्रारंभिक वेग देऊन किमान तीन, जमल्यास पाच धावा करा, आणि त्रुटी धावांमधल्या फरकावरून काढा. एकच लांब धाव असेल तर ब्लॉक सरासरी काढा. ब्लॉक मोठा करत गेल्यावर त्रुटी जिथे वाढायची थांबते तो आकडा घ्या.

अशा विस्कळीत पेप्टाइडसाठी सर्वांत प्रामाणिक कसोटी अशी : अर्ध्या धावा हेलिक्सपासून सुरू करा, अर्ध्या पूर्ण ताणलेल्या साखळीपासून. दोन्ही गटांत शेवटच्या टप्प्यातलं हेलिक्सचं प्रमाण जुळत नसेल तर तुम्ही अजून सुरुवातीची संरचनाच मोजता आहात. ४२ रेसिड्यूंना १०० नॅनोसेकंदांत ते जुळणं कठीण. तुलनेला ट्रिप-केज घ्या. १एल२वाय, फक्त २० रेसिड्यू, सर्वांत झटपट घडी घालणाऱ्यांपैकी एक; त्यालाही प्रयोगात सुमारे ४ मायक्रोसेकंद लागतात.

तिसरी गोष्ट फोर्स फील्डची, म्हणजे अणूंमधली बलं काढण्याच्या सूत्रांची. काही फोर्स फील्ड हेलिक्सकडे झुकलेली असतात, उदाहरणार्थ चार्म २२/सीमॅप. ग्रोमॉस ५३ए६ उलट हेलिक्स टिकू देत नसे, म्हणून २०११ मध्ये ५४ए७ आलं. विस्कळीत पेप्टाइडसाठी चार्म ३६एम किंवा ए९९एसबी-डिस्प घ्या, आणि त्यासोबत ठरलेलं पाण्याचंच मॉडेल वापरा. निष्कर्ष एकाच फोर्स फील्डवर टिकत असेल तर तसं स्पष्ट लिहा.

प्रश्न : मार्टिनी कोर्स-ग्रेन मॉडेलमध्ये (जिथे काही अणूंचा मिळून एक मणी धरतात) हाच आलेख कसा काढू? (पीएच.डी. विद्यार्थी, पणजी)

काढू नका. मार्टिनीमध्ये द्वितीयक संरचना तुम्हीच सुरुवातीला देता. मार्टिनाइझ डीएसएसपीचं उत्तर घेतं आणि त्यावरून मुख्य साखळीचे कोन पक्के करून टाकतं, वर बहुधा इलॅस्टिक नेटवर्कही बांधलेलं असतं. एनएच आणि सीओ वेगळे नसतातच, त्यामुळे मोजायला हायड्रोजन बंध नाही. मण्यांवरून अणू परत बसवून डीएसएसपी चालवता येतं, पण मिळते ती तुम्हीच घातलेली हेलिक्स. डोमेन कसे हलतात, पटलात प्रथिन किती तिरकं बसतं, हे मार्टिनीत जरूर पाहा.

प्रश्न : डायमरमध्ये दोन साखळ्यांमधली बीटा शीट मध्येच काही नॅनोसेकंद पूर्ण गायब होते आणि परत येते. सीमा सरळ सुरीने कापल्यासारखी. (संशोधक, बंगळुरू)

सरळ सीमा हीच खूण. खरी शीट एका फ्रेममध्ये अख्खी जात नाही. कडेचा बंध सुटतो, मग पुढचा. इथे एक साखळी पेटीची भिंत ओलांडून पलीकडच्या बाजूला गेली आहे. बाहेरच्या प्रोग्रॅमला ती सहा-सात नॅनोमीटर दूर दिसते, मग बंध कुठून सापडणार? दोन साखळ्यांमधलं कमाल अंतर काढून पाहा. त्याच क्षणी त्यात उडी असेल.

ग्रोमॅक्सच्या 'ट्रजकॉन्व्ह'ने आधी रेणू अखंड करा, मग 'नोजम्प' लावा. नोजम्पची संदर्भ फ्रेम अशी हवी की दोन्ही साखळ्या एकत्र असतील. तिथेच त्या विलग असतील तर नोजम्प ते विलगपण शेवटपर्यंत जपतं. तसं असेल तर पहिली फ्रेम 'क्लस्टर'ने जुळवून ती संदर्भ म्हणून द्या. 'सेंटर' शेवटी, वेगळ्या फेरीत. सगळं एकाच आज्ञेत कोंबू नका.

साखळ्या दोन आहेत, तेव्हा आलेखही एकावर एक दोन काढा, प्रत्येकाला आपापले क्रमांक. १ ते १९८ असा सलग अक्ष काढला की ९९ आणि १०० च्या मध्ये साखळी संपते हे वाचकाला कळत नाही.

प्रश्न : २० रेसिड्यूंच्या पेप्टाइडची हेलिक्स डीएसएसपीनुसार ६५ टक्के, सीडी (वर्तुळाकार द्विवर्णता) वर्णपटावरून सहकाऱ्यांनी ७५ काढली. सिम्युलेशन चुकलं का? (पोस्ट-डॉक, पुणे)

एवढ्या फरकावरून तसं म्हणता येत नाही. मागच्या एका उत्तरातला नियम पुन्हा लावा. पहिला टर्न १ ला, शेवटचा १६ ला. म्हणून एच २ पासून १९ पर्यंतच मिळू शकतो. २० रेसिड्यूंचं पेप्टाइड शंभर टक्के हेलिक्स असलं तरी डीएसएसपी ९० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. तुमचे ६५ टक्के म्हणजे १३ रेसिड्यू. १८ पैकी १३ म्हणजे ७२. टोकांना अॅसिटिल आणि मिथाइल अमाइड लावले असतील तर तेही बंध बनवतात, पण बरेच प्रोग्रॅम त्यांना रेसिड्यू धरत नाहीत आणि तो बंध मोजणीतून गळतो.

सीडीची बाजूही पक्की नसते. २२२ नॅनोमीटरवरचा आकडा टक्केवारीत बदलताना पूर्ण हेलिक्सची किंमत −४०,००० गुणिले (१ वजा २.५ भागिले लांबी) अशी धरतात. २० साठी ती −३५,०००. ही लांबीची दुरुस्ती केली नाही तर टक्केवारी कमी येते, म्हणून ती केली का ते सहकाऱ्यांना विचारा. ट्रिप्टोफॅन किंवा टायरोसिन असेल तर त्यांचा स्वतःचा संकेतही तिथेच मिसळतो आणि छोट्या पेप्टाइडमध्ये तो जाणवतो. द्रावणाची संहती चुकीची मोजली असेल तर सगळंच प्रमाणात सरकतं.

तुलनेसाठी डीएसएसपीसोबत कोनांवरूनही मोजा : फाय −१०० ते −३० अंश आणि साय −६७ ते −७ अंश, अशा खिडकीत लागोपाठ किमान तीन रेसिड्यू असतील तर ते हेलिक्समध्ये. यात हायड्रोजन बंधाची रेघ मध्ये येत नाही. टोकाच्या रेसिड्यूंना मात्र फाय किंवा साय यांपैकी एक कोन नसतो, म्हणून भाजक २० न घेता १८ घ्या. अॅसिटिल आणि मिथाइल अमाइड असतील तर २० च.